ओळ आणि पान
संगणकाशी बोलण्याच्या दोन रीतींचा इतिहास

संगणकाला काम सांगण्याच्या दोन रीती आहेत. पहिली, त्याच्यासमोर बसून ओळीमागून ओळ टाइप करायची. ओळ पुरी झाली की यंत्र ती पाळते, उत्तर देते आणि पुढच्या ओळीची वाट पाहत थांबते. दुसरी, साऱ्या ओळी आधी एका फायलीत लिहून काढायच्या आणि ती अख्खी फाईल यंत्राच्या हवाली करायची. या लेखापुरते पहिल्या रीतीला मी ‘संवाद’ म्हणतो आणि दुसरीला ‘संहिता’. ओळी त्याच, भाषा तीच, यंत्रही तेच. तेव्हा दोन्हीकडे परिणाम सारखाच यावा, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. पण ती दर वेळी पुरी होत नाही.

रूबी या भाषेचे उदाहरण घेऊ. जपानी प्रोग्रामर युकिहिरो मात्सुमोतो यांनी ती १९९५ साली जगापुढे ठेवली. या भाषेत, आणि इतरही अनेक भाषांत, ‘इव्हॅल’ नावाची एक आज्ञा आहे. अवतरणचिन्हांत दिलेला मजकूर निव्वळ मजकूर न मानता, तीही आज्ञाच आहे असे समजून तिथल्या तिथे पाळायची, एवढेच तिचे काम. आता दोन ओळी लिहा. पहिल्या ओळीत इव्हॅलला मजकूर द्या: ‘क्ष = ५’. दुसऱ्या ओळीत सांगा: क्ष छाप. रूबीच्या १.८ या आवृत्तीच्या काळात या दोन ओळी संवादात एकेक करून दिल्या की पाच छापले जात. त्याच दोन ओळी फायलीत लिहून चालवल्या की यंत्र तक्रार करी: क्ष नावाचे काही मला ठाऊक नाही.

यात बिघाड कुठेही नाही. दोन्ही उत्तरे भाषेच्या नियमांना धरूनच आहेत. फरक पडतो तो एका जुन्याच प्रश्नावरून: शब्दाचा अर्थ केव्हा ठरतो, वाचताना की वागताना? साहित्याच्या वाचकाला हा प्रश्न नवा नाही. संगणकभाषा घडवणाऱ्यांना मात्र तो साठ-पासष्ट वर्षे पुरला आहे. त्यांच्या उत्तरांचा माग काढला, तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. संहितेत त्यांनी इव्हॅलची मोकळीक हळूहळू आवळत नेली आणि संवादात मात्र सवलती वाढवत नेल्या. दोन रीतींतले अंतर त्यामुळे मिटण्याऐवजी रुंदावले. ते कसे रुंदावले आणि त्याची किंमत आज कोण मोजतो, हे या लेखात पाहायचे आहे.

कागदावरचे फलन

इव्हॅलचा जन्म यंत्रासाठी झालाच नव्हता. १९५८ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, म्हणजे एमआयटीत, जॉन मॅकार्थी ‘लिस्प’ ही भाषा आखत होते. तिचे तात्त्विक विवेचन करणारा त्यांचा निबंध एप्रिल १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्यांना एक गोष्ट दाखवायची होती. अॅलन ट्युरिंग यांनी कल्पिलेले सर्वसमावेशक यंत्र इतर कुठल्याही यंत्राची नक्कल करू शकते. त्याच तोडीचे काम आपल्या लेखनपद्धतीत अधिक नेटकेपणाने होते, असा मॅकार्थींचा दावा होता. त्यासाठी त्यांनी एक फलन लिहिले. लिस्पमध्ये लिहिलेली कुठलीही राशी त्याला द्या, ते तिचे मूल्य काढून देईल. या फलनाचे नाव इव्हॅल. मॅकार्थींच्या लेखी तो कागदावरचा युक्तिवाद होता.

त्यांचा तरुण सहकारी स्टीव्ह रसेल याने तो कागद वेगळ्या नजरेने वाचला. हे फलन हाताने यंत्रभाषेत उतरवले, तर लिस्प समजणारा दुभाष्याच तयार होईल, असे त्याच्या लक्षात आले. तू सिद्धांत आणि व्यवहार यांची गल्लत करतो आहेस, अशा अर्थाचे काहीतरी आपण त्याला म्हणालो होतो, असे मॅकार्थींनी पुढे सांगितले आहे. रसेलने मात्र ते आयबीएम ७०४ या यंत्रावर करून दाखवले. भाषेचा अर्थ सांगणारी व्याख्याच भाषा चालवणारे यंत्र बनली. लिस्पमध्ये आज्ञा आणि माहिती दोन्ही एकाच प्रकारच्या याद्यांत लिहिल्या जातात, म्हणून हे जमले. आज्ञेकडे माहिती म्हणून पाहता येते आणि माहितीला आज्ञा म्हणून चालवता येते, या दुहेरी सोयीतच पुढच्या साऱ्या गोंधळाचे बीज आहे.

त्या काळी संवाद नव्हताच. कार्डांना भोके पाडून गठ्ठा खिडकीत द्यायचा आणि छापलेला कागद मिळेपर्यंत वाट पाहायची, हा रिवाज होता. तरीही ‘आत’ आणि ‘बाहेर’ यांतला भेद तेव्हाच उगवलेला दिसतो. १९६२ च्या ‘लिस्प १.५’ या आवृत्तीच्या मार्गदर्शिकेप्रमाणे गठ्ठ्यातल्या सर्वांत बाहेरच्या आज्ञा इव्हॅलकडे जात नसत. ‘इव्हॅलकोट’ नावाचे वेगळे फलन त्या वाचत असे. बाहेर आधी फलनाचे नाव आणि मग त्याला द्यायच्या गोष्टींची यादी लिहायची, आणि तिथे ‘अ’ लिहिले की ते अक्षर जसेच्या तसे घेतले जाई. फलनाच्या आत मात्र ‘अ’ याचा अर्थ ‘अ या नावाचे मूल्य’. अक्षरच हवे असेल तर तसे वेगळे बजावावे लागे. उंबरठ्यावरची बोली निराळी आणि घरातली निराळी. पुढे संवादी लिस्प आले, तेव्हा उंबरठ्यावरही इव्हॅलच बसवला गेला आणि हा दुजाभाव मिटला.

संवादाचा पहिला जाहीर प्रयोगही लिस्पचाच, आणि तो बऱ्यापैकी फजितीचा होता. उद्योगक्षेत्रातल्या पाहुण्यांसमोर मॅकार्थींनी एमआयटीत प्रात्यक्षिक ठेवले. पाहुणे चौथ्या मजल्यावर दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोर बसलेले. मॅकार्थी तळमजल्यावर यंत्रापाशी, हातात मायक्रोफोन. ७०४ ला फ्लेक्सोरायटर नावाचे टंकयंत्र जोडलेले होते. एक ओळ संपली की ती लिस्पच्या हाती पडे. गणित एका अवकल समीकरणाचे होते. सगळे संथपणे पण ठीक चालले असताना टंकयंत्र अचानक सेकंदाला दहा अक्षरे या गतीने भलतेच काही बडवू लागले. स्मृती भरल्यामुळे लिस्पमधली ‘कचरा गोळा करणारी’ यंत्रणा जागी झाली होती आणि आपल्या कामाची साद्यंत आकडेवारी सांगत होती. ते थांबेचना. वेळ संपली आणि पाहुणे हसत सुटले. गठ्ठ्याच्या जगात हा अहवाल कागदाच्या कोपऱ्यात निमूट पडून राहिला असता. संवादात तो बोलण्याच्या मध्येच तोंड घालून गेला. संहितेसाठी शहाणपणाची असलेली गोष्ट संवादात विक्षेप ठरते, हे लिस्पला पहिल्याच दिवशी कळले.

आकड्याची ओळ, बिनआकड्याची ओळ

संवाद आणि संहिता एकाच पडद्यावर आणण्याची सुबक युक्ती १९६३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रँड कॉर्पोरेशनमध्ये निघाली. क्लिफ शॉ यांनी ‘जॉनिअॅक’ या यंत्रासाठी ‘जॉस’ ही प्रणाली बनवली. ओळीच्या आरंभी क्रमांक नसेल तर यंत्र ती लगेच पाळी. क्रमांक असेल तर ती न पाळता साठवून ठेवी आणि सांगितल्यावर क्रमाने पाळी. वर्षभरानंतर, १९६४ मध्ये, डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांनी ‘बेसिक’ आणली, ती मात्र मुळात संहितेची भाषा होती: प्रत्येक ओळीला क्रमांक, आणि ‘रन’ म्हटल्यावर अख्ख्या आज्ञावलीचा अनुवाद. १९७५ पासून मायक्रोसॉफ्टची बेसिक लहान यंत्रांवर पसरली, तिने जॉसची युक्ती उचलली. आकडा आहे की नाही, एवढ्यावर ओळीचे भवितव्य ठरू लागले.

पण भवितव्याबरोबर कधीकधी हक्कही ठरत. कमोडोर ६४ किंवा अॅपल २ यांवरच्या बेसिकमध्ये वापरणाऱ्याकडून माहिती मागणारी ‘इनपुट’ ही आज्ञा क्रमांकाशिवाय थेट दिली, तर यंत्र ‘इल्लीगल डायरेक्ट’ असा दोष दाखवी. वरवर हा मनमानी नियम वाटतो, पण कारण अगदी घरगुती आहे. थेट दिलेली ओळ ज्या छोट्याशा जागेत ठेवलेली असे, तिथेच वापरणाऱ्याचे उत्तरही येऊन पडे. म्हणजे उत्तर आले की प्रश्न पुसला जाणार. ‘डेफ’ ही स्वतःचे फलन बनवण्याची आज्ञाही थेट चालत नसे. फलनाची व्याख्या कुठे लिहिली आहे, तेवढी खूण यंत्र लक्षात ठेवी. थेट दिलेली ओळ पुढच्या क्षणी पुसली जाई आणि खूण रिकाम्या जागेकडे बोट दाखवीत राहिली असती. संहितेतल्या ओळीला कायमचा पत्ता असतो. संवादातल्या ओळीला नसतो. हा नियम त्या पत्त्याचा होता.

आपल्याकडच्या एका पिढीची संगणकाशी पहिली बोलाचाली याच बेसिकच्या एका भावंडातून झाली. १९८४ मध्ये केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पाखाली देशभरातल्या सुमारे अडीचशे शाळांत बीबीसी मायक्रो ही ब्रिटिश यंत्रे आली. तिच्या बेसिकमध्ये इव्हॅल होते, पण ते जाणीवपूर्वक आखूड ठेवलेले. मजकुरात राशी असेल तर तिची किंमत ते काढून देई. त्या मजकुरात आज्ञा मात्र चालत नसे. मुलाने समीकरण टाइप करायचे आणि आज्ञावलीने त्याचा आलेख काढायचा, यासाठी एवढे पुरेसे होते. ‘क्ष = ५’ अशी आज्ञा मजकुरात दडवून नवे नाव जन्माला घालणे त्यात शक्यच नव्हते, आणि म्हणून रूबीचे ते कोडे तिथे उभेच राहिले नसते. आखूडपणातही शहाणपण असते ते असे.

नव्वदच्या दशकात गावोगावच्या संगणक क्लासांत डॉस शिकलेल्यांना दुसरे एक उदाहरण आठवेल. ‘फॉर’ ही आज्ञा प्रॉम्प्टवर देताना नावाआधी टक्क्याचे एक चिन्ह द्यायचे. तीच आज्ञा बॅच फायलीत लिहिताना दोन चिन्हे द्यायची. बहुतेकांनी हा नियम पाठ केला. कारण साधे आहे. बॅच फायलीत टक्क्याच्या चिन्हाला आधीच एक काम नेमून दिलेले असते: फायलीला बाहेरून दिलेले शब्द त्या चिन्हाच्या जागी येऊन बसतात. तेव्हा ‘मला खरोखर टक्क्याचेच चिन्ह हवे आहे’ हे सांगायला ते दोनदा लिहावे लागते. संहितेवरून यंत्राचा एक जादा हात फिरतो, संवादावरून फिरत नाही.

दुभाष्या आणि अनुवादक

ही सारी उदाहरणे उंबरठ्यावरची झाली. लिस्पच्या घरात याहून खोल भेग पडली होती. लिस्पची आज्ञावली दोन प्रकारे चालवता येई. एक दुभाष्यामार्फत, म्हणजे ओळ वाच आणि पाळ. दुसरी अनुवादकामार्फत, म्हणजे सगळे आधी यंत्रभाषेत उतरवून मग चालव. अनुवादित आज्ञावली कितीतरी जलद धावे. पण दोघांचे एका मुद्द्यावर एकमत नव्हते. फलनाच्या आत एखादे नाव आले आणि ते तिथे नेमलेले नसले, तर दुभाष्या ते नाव त्या क्षणी कुणी कुणाला हाक मारली आहे त्या साखळीत शोधी. अनुवादकाचा समज उलटा होता: वेगळे सांगितले नसेल, तर फलनात नेमलेले नाव त्या फलनापुरतेच खासगी. परिणामी दुभाष्याकडे तावूनसुलाखून घेतलेली आज्ञावली अनुवाद केल्यावर निराळी वागू शके. संवादात खरे ठरलेले संहितेत खोटे पडे, आणि चूक लेखकाची नसे.

१९७५ मध्ये एमआयटीतल्याच जेराल्ड सस्मन आणि गाय स्टील यांनी ‘स्कीम’ या लिस्पच्या नव्या बोलीत अनुवादकाची बाजू घेतली. नावाचा अर्थ ते कागदावर कुठे लिहिले आहे यावरून ठरेल; चालताना कुणी हाक मारली यावरून नाही. १९८४ मध्ये स्टील यांनी ‘कॉमन लिस्प’ची व्याख्या ग्रंथरूपात मांडली, तेव्हा दुभाष्या आणि अनुवादक यांनी योग्य आज्ञावलीचा एकच अर्थ लावला पाहिजे, हे भाषेच्या उद्दिष्टांतच नोंदले गेले.

या तहाची किंमत इव्हॅलने मोजली. कॉमन लिस्पमध्ये इव्हॅलला दिलेली राशी भोवतालच्या फलनातली खासगी नावे पाहू शकत नाही. तिला फक्त सार्वत्रिक नावे दिसतात. कारण उघड आहे. नावे कागदावरून ठरायची असतील, तर अनुवादक ती वाचतानाच निकालात काढतो, आणि आज्ञावली धावू लागेपर्यंत नावे उरतच नाहीत; उरतात त्या नुसत्या जागा. इव्हॅल मागाहून येऊन नाव विचारते, तेव्हा तिथे नावाची पाटी नसते. संवादात सगळे बहुधा सार्वत्रिकच असते, म्हणून तिथे इव्हॅल बिनतक्रार चालते. तेच फलनाच्या आत हलवले की आंधळे होते. स्कीमच्या १९९८ च्या अधिकृत अहवालात इव्हॅलला शिस्त लावून जागा मिळाली: कोणत्या परिसरात हा मजकूर वाचायचा, ते दर वेळी स्पष्ट सांगायला हवे.

खिडकी लहान होत जाते

आता रूबीच्या कोड्याकडे परत येऊ. रूबीत चल नावे आधी जाहीर करावी लागत नाहीत. मग ‘क्ष’ असा सुटा शब्द दिसला, तर ते चल आहे की एखाद्या कृतीला मारलेली हाक आहे, हे कसे ओळखायचे? रूबी वाचतानाच ठरवते: याआधी मजकुरात ‘क्ष = अमुक’ असे दिसले असेल तर चल, नसेल तर हाक. फाईल चालू होण्यापूर्वी पूर्ण वाचली जाते. त्या वाचनात ‘क्ष = ५’ हे अवतरणचिन्हांत आहे, म्हणजे निव्वळ अक्षरांची माळ. त्यामुळे दुसऱ्या ओळीतला क्ष ‘हाक’ म्हणून नोंदला जातो, आणि ती हाक ऐकणारे कुणीच नसते. संवादात गोष्ट वेगळी. पहिली ओळ वाचून पाळून झाली, क्ष जन्माला आला, आणि त्यानंतर दुसरी ओळ वाचली गेली. वाचणाऱ्याला तो आता दिसतो. फायलीत दोन्ही वाचने आधी आणि दोन्ही वागणी नंतर. संवादात वाचन, वागणे, वाचन, वागणे असा फेर. सगळा फरक या क्रमाचा.

रूबीचे संवादयंत्र, ‘आयआरबी’, आतून पाहिले तर ते स्वतःच एक इव्हॅल आहे. तुमची प्रत्येक ओळ घेऊन, एक परिसर जपून ठेवून, त्यात ती पाळत राहायचे हेच त्याचे काम. म्हणजे संवाद ही इव्हॅलची लांबलेली माळ, आणि फायलीतले इव्हॅल म्हणजे संहितेच्या पोटात ठेवलेला क्षणभराचा संवाद. रूबीच्या १.९ या आवृत्तीपासून हा क्षणभर आणखी आखडला. इव्हॅलमध्ये जन्मलेले नाव त्या इव्हॅलबरोबरच संपते. ते टिकवायचे असेल तर परिसर, म्हणजे रूबीच्या भाषेत ‘बाइंडिंग’, आपण हाताने द्यावा लागतो. स्कीमच्या अहवालाने घातलेली अट इथे वेगळ्या वाटेने पोहोचली.

१९९१ पासून प्रसृत झालेल्या पायथनची कथा याच दिशेची आहे. तिच्या व्याकरणालाच तीन दारे आहेत: अख्ख्या फायलीसाठी एक, संवादातल्या एका विधानासाठी दुसरे, आणि इव्हॅलला दिलेल्या राशीसाठी तिसरे. संवादाच्या दारातून आलेल्या राशीची किंमत न सांगता छापली जाते, फायलीतल्या राशीची छापली जात नाही. फलन लिहिताना मध्ये मोकळी ओळ सोडली, तर फाईल तिच्याकडे दुर्लक्ष करते. जुन्या प्रॉम्प्टवर मात्र मोकळी ओळ म्हणजे ‘माझे बोलणे संपले’, आणि उरलेल्या ओळी अनाथ होतात. पायथनमध्ये आज्ञांचा मजकूर चालवण्याचे काम ‘एक्झेक’ करते. दुसऱ्या पिढीच्या पायथनमध्ये एक्झेक हे भाषेचे खास विधान होते. फलनात ते दिसले की अनुवादक सावध होई आणि नावांचा निकाल लावणे चालण्याच्या वेळेवर ढकली. डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या तिसऱ्या पिढीत एक्झेक हे साधे फलन झाले. अनुवादकाला त्याची चाहूल लागेनाशी झाली. तेव्हापासून फलनाच्या आत एक्झेकने ‘क्ष = ५’ केले आणि पुढच्या ओळीत क्ष मागितला, तर तो सापडत नाही. प्रॉम्प्टवर त्याच दोन ओळी बिनबोभाट चालतात. ऑक्टोबर २०२४ च्या ३.१३ या आवृत्तीने फलनातल्या नावांची यादी मागितल्यावर दर वेळी ताजी नक्कल मिळेल असे ठरवून उरलीसुरली फटही बुजवली.

जावास्क्रिप्ट १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप ब्राउझरसाठी बनवली. तिचे इव्हॅल सुरुवातीला सर्वांत मोकळे होते. भोवतालच्या फलनात ते खुशाल नवी नावे पेरी. डिसेंबर २००९ च्या पाचव्या मानकाने ‘काटेकोर’ रीत आणली, तीत इव्हॅलने निर्मिलेली नावे इव्हॅलच्या बाहेर येत नाहीत. शिवाय इव्हॅलला त्याच्या नावाने हाक मारली तर ते जवळची नावे पाहते, आणि टोपणनावाने हाक मारली तर फक्त सार्वत्रिक, असेही ठरले. संकेतस्थळाच्या मालकाला आपल्या पानांवर इव्हॅल साफ बंद करण्याची सोयही मिळाली, कारण बाहेरून आलेला मजकूर आज्ञा बनून धावणे ही चोरासाठी उघडी खिडकी असते.

त्याच भाषेचे संवादाचे दार, ब्राउझरमधला ‘कन्सोल’, याच्या नेमके उलट दिशेने गेले. ‘लेट’ म्हणून जाहीर केलेले नाव फायलीत पुन्हा जाहीर केले, तर ती चूक. २०२० मध्ये क्रोमच्या ८० व्या आवृत्तीने कन्सोलपुरती ही चूक माफ केली. प्रयोग करणारा माणूस तीच ओळ सुधारून पुन्हापुन्हा देतो. त्याला दर वेळी अडवणे व्यवहार्य नव्हते. संहितेत शिस्त, संवादात माफी. या सवलतींमागे सद्हेतूच आहे. पण तिचा लाभ उठवणारेही निघाले. ‘ही ओळ इथे चिकटवा, अमुक सुविधा मिळेल’ असे सांगून लोकांकडूनच त्यांच्या खात्याचे दार उघडून घेणे सुरू झाले. पान स्वतः जे करू शकत नाही ते माणसाच्या हातून करवायचे. म्हणूनच आज कन्सोल उघडल्यावर, समजत नसलेला मजकूर इथे चिकटवू नका, अशा सूचना दिसतात.

वहीतली गणिते

हे सारे प्रोग्रामरांचे अंतर्गत प्रकरण राहिले असते, तर दिवाळी अंकाच्या वाचकाला त्याचे काय? पण गेल्या दशकात विज्ञानाचा मोठा भाग संवादात लिहिला जाऊ लागला आहे. फर्नांडो पेरेझ यांनी २००१ मध्ये पायथनसाठी ‘आयपायथन’ हे सुधारलेले संवादयंत्र केले. त्यातून ‘नोटबुक’, म्हणजे वही, निघाली आणि २०१४ पासून ती ‘ज्युपिटर’ या नावाने सर्वत्र गेली. वहीत चौकटी असतात. चौकटीत आज्ञा आणि खाली तिचे उत्तर, आकृतीसह. हवामान, जनुकशास्त्र, अर्थशास्त्र, सगळीकडे ती वापरली जाते, आणि आपल्या महाविद्यालयांतही मुले आता आकडेवारीचे गणित तिच्यातच शिकतात.

वही दिसते पानासारखी, पण वागते संवादासारखी. चौकटी वरून खाली मांडलेल्या असल्या, तरी त्या कोणत्याही क्रमाने चालवता येतात. तिसरी चालवून मग पहिली बदलता येते. एखादी चालवून पुसून टाकता येते. पुसलेल्या चौकटीने जन्माला घातलेले नाव तरीही यंत्राच्या स्मृतीत जिवंत असते आणि खालची गणिते त्याच्या जिवावर चालू राहतात. वाचणाऱ्याला पानावर कारण दिसत नाही, फक्त उत्तर दिसते. रूबीच्या कोड्यातला क्ष इथे शास्त्रीय निष्कर्षाच्या पायाखाली येऊन बसलेला असतो.

२०१९ मध्ये जुआंव फेलिपे पिमेंतेल, लेओनार्दो मुर्ता, व्हानेसा ब्रागानॉलो आणि जुलियाना फ्रायरे या संशोधकांनी सार्वजनिक साठ्यातल्या सुमारे १४ लाख वह्यांची पाहणी प्रसिद्ध केली. ज्या वह्या पुन्हा चालवून पाहणे शक्य होते, त्यांपैकी सुमारे २४ टक्केच दोषाविना शेवटपर्यंत चालल्या, आणि मूळ उत्तरे तंतोतंत मिळाली ती जेमतेम ४ टक्क्यांत. यातला सगळा दोष चौकटींच्या क्रमाचा नाही. हरवलेल्या फायली, न सापडलेली साधने अशी कारणेही आहेत. पण क्रम आणि लपलेली स्मृती हे त्यांतले खरे कारण आहे. विशेष म्हणजे लिहिणाऱ्याने खोटे काहीच केलेले नसते. त्याच्यासमोर ते उत्तर खरोखरच आले होते.

यावर संवाद बंद करा, असे कुणी म्हणत नाही आणि म्हणूही नये. माणूस विचार करतो तो संवादातच: चाचपडत, खोडत, मागे जात. रसेलने कागदावरचे फलन यंत्रात उतरवले, तेही असेच एक चाचपडणे होते. अडचण येते ती संवादाला संहितेचे रूप देऊन दुसऱ्याच्या हाती सोपवताना. आपल्या जुन्या पेढ्यांना हा भेद चांगला कळत असे. रोजकीर्दीत व्यवहार घडले त्या क्रमाने चढत; खतावणीत ते खात्यांप्रमाणे मांडले जात. दोन्ही वह्या लागत, आणि एकीचा दुसरीशी मेळ बसल्याशिवाय कुणी हिशेब खरा मानत नसे. ज्युपिटरच्या वहीत या दोन्ही वह्या एकमेकींवर छापल्या गेल्या आहेत आणि मेळ घालण्याचे काम लिहिणाऱ्याच्या मर्जीवर सोडले आहे.

मेळ घालण्याची सोय त्या वहीतच आहे. स्मृती पूर्ण पुसून सगळ्या चौकटी वरून खाली एकदा चालवण्याची आज्ञा तिच्या मेनूत असते. तिला काही मिनिटे लागतात, कधी काही तास. त्यानंतर जे उत्तर उरते, ते पानाचे असते. त्याआधीचे होते ते फक्त त्या बैठकीचे. शिक्षकाने मुलाची वही तपासताना, संपादकाने निबंध स्वीकारताना आणि अधिकाऱ्याने आकड्यांवर सही करताना एवढे विचारले तरी पुरे: हे गणित कोऱ्या स्मृतीवर, पहिल्या ओळीपासून, पुन्हा एकदा चालवून पाहिले आहे का?